काठीपेक्षा लांब दोरी

बाबा बोलेनासे झाले त्याला आठ महिने होऊन गेले होते. आणि बाबा म्हणजे कोण? तर ज्यांनी चौतीस वर्षं बस स्थानकावर गाड्या पुकारल्या, ते. पहिल्या गाडीपासून दुपारची पाळी संपेपर्यंत त्यांचा आवाज फलाटाफलाटावरून फिरायचा. पेंगणारा ड्रायव्हर सावरून बसायचा, रडणारं पोर गप्प व्हायचं. देवाने गळा द्यावा तर असा, की ऐकणाऱ्या प्रत्येकाला वाटावं, ही गाडी खास आपल्यासाठीच सुटते आहे. असे ते बाबा. आई गेली त्या दिवशी दवाखान्यातून घरी आले, बूट काढून भिंतीशी लावले, खुर्चीत बसले, आणि तोंडाला जे कुलूप पडलं ते पडलंच. रडले नाहीत, चिडले नाहीत. जेवा म्हटलं की जेवत, झोपा म्हटलं की झोपत.

मुलगा लिफ्ट दुरुस्त करायचा. गल्लीत त्याला सगळे लिफ्टवालाच म्हणत. त्याची बायको एका दवाखान्यात पेशंटचे कागद लिहायला बसायची, तिच्या ओळखीने बाबांना तीन डॉक्टर दाखवून झाले. तिसऱ्याने बाबांच्या घशात बॅटरी मारली, जीभ बाहेर काढायला लावली आणि बॅटरी खिशात ठेवत म्हणाला, "यंत्र उत्तम आहे. चालवणाऱ्याचं मन उठलंय. हाताला काहीतरी उद्योग द्या यांच्या."

उद्योग कसला द्यायचा? बागकाम करून पाहिलं. पत्ते करून पाहिले. बाबा पत्ते हातात धरायचे आणि धरूनच बसायचे. मग एक दिवस लिफ्टवाला अकरा मजली इमारतीच्या गच्चीवर, लिफ्टच्या मोटारीच्या खोलीत काम करत होता. घाम पुसायला बाहेर आला तर खाली शहराच्या कडेचं तळं दिसलं. काठाने सात-आठ माणसं लांब काठ्या धरून बसलेली. पाव तास तो पाहत राहिला. पाव तासात एकानेही तोंड उघडलं नाही. त्याला वाटलं, बाबांना बसवावं ते इथे. इथे कुणी त्यांना विचारणार नाही, की काका, बोलत का नाही?

झालं. एकात एक बसणाऱ्या पाच तुकड्यांची काठी आली, घडीची खुर्ची आली, आणि रविवारी सकाळी बापलेक तळ्यावर हजर झाले.

तळ्याची राखण एक मावशी करायची. मांडीपर्यंत गमबूट, अंगात पुरुषी जाकीट, एका खिशात बिस्किटं आणि दुसऱ्या खिशात गांडुळांची डबी. कुठल्या खिशात काय, हे तिचं तिलाच ठाऊक, आणि तेही नेहमीच नाही.

"नवे ना? काठी धरण्यावरनंच कळलं," ती म्हणाली. "तो झाडू नाहीये. आण इकडे."

तिने दोघांना समोर बसवून शिकवलं. या काठीला चाक नाही, दोरी गुंडाळायची सोय नाही. टोकाला दोरी बांधायची, दोरीच्या शेवटी गळ, आणि मध्ये बोया, म्हणजे लाल टोकाची बोटभर काडी, जी पाण्यावर उभी तरंगते.

"नियम पहिला. आमिष लावायच्या आधी खोली मोजायची. हा शिशाचा गोळा गळाला अडकव नि सोड. बोया बुडाला तर दोरी कमी पडली, बोया वर सरकव. बोया आडवा लोळला तर दोरी जास्त झाली, खाली घे. नुसतं लाल टोक दिसायला लागलं की समज, तळ लागला. मासा तळाशी असतो. तळ माहीत नाही नि मासे धरायला बसलाय, म्हणजे पत्ता माहीत नाही नि पाहुणा निघालाय."

"आणि दुसरा?"

"दुसरा एवढाच, की दोरी काठीपेक्षा लांब बांधायची नाही. कध्धी नाही. काठी उभी केलीस की मासा सरळ हातात यायला हवा. लांब बांधलीस तर मासा तिकडे नाचतोय नि तू इकडे. मग बस हाताने ओढत." तिने बाबांकडे पाहिलं. "काय हो काका, पटतंय का?"

बाबांनी पाण्याकडे पाहिलं.

"बोलत नाहीत ते," लिफ्टवाला हळूच म्हणाला.

"बरं आहे की. बोलणाऱ्यांनी माझे मासे पळवलेत."

लिफ्टवाल्याने दोन हात पसरून दोरी मोजली. हात पसरले की एका बोटापासून दुसऱ्या बोटापर्यंत एक वाव. काठी तीन वाव भरली, दोरीही तीन वाव बांधली. शिसं अडकवून त्याने खोली घेतली. कमरेएवढं पाणी.

"सगळीकडे तेवढंच आहे," मावशी म्हणाली. "चार वर्षांपूर्वी गाळ काढायला रिकामं केलं होतं तळं. मी मधोमध उभी राहून चहा प्यायले." आणि ती आपल्या कामाला निघून गेली.

त्याने काठी बाबांच्या हातात दिली. बाबांनी शिसं त्याच जागी सोडलं. बोया बुडाला.

"थांबा, सरकला असेल." त्याने बोया थोडा वर घेतला. बुडाला. आणखी वर घेतला. बुडाला. घेता घेता बोया काठीच्या टोकाला टेकला, म्हणजे तीन वाव दोरी पाण्यात, आणि तरी ते लाल टोक डोळ्यांदेखत खाली गेलं. कुणी पेन्सिल हळूच खिशात घालावी तसं.

त्याने काठी स्वतः धरली. कमरेएवढं पाणी. पुन्हा बाबांना दिली. तळ नाही. तीनदा केलं, तीनदा तेच. शिसं चिखलात रुतत असेल, बाबांचा हात कापत असेल, असं त्याने स्वतःला सांगितलं. पण बाबांचा हात कापत नव्हता. बाबा पुढे झुकले होते, काठीचा बुंधा छातीशी धरून, मान जराशी कलती. पलीकडच्या खोलीत कुणी बोलत असलं आणि आपण दाराशी थबकलो, की मान जशी होते तशी. आठ महिन्यांत त्यांनी आपणहून कशाकडे कान दिला नव्हता.

जेवायची वेळ झाली तरी बाबा उठेनात. काठी सोडेनात. लिफ्टवाल्याला काय वाटलं देव जाणे. लिफ्टच्या दोराला जो गाठ मारून जोड देतो त्याला तुरुंगात टाकलं पाहिजे, असं हाताखालच्या पोरांना सांगणारा तो माणूस. पण त्याने दोरीचं रीळ काढलं, एक वाव मोजली, आणि जोडली. चार वाव झाली. शिसं गेलं खाली.

"सरक ना जरा," बाबा म्हणाले.

लिफ्टवाला सरकला. आधी सरकला, मग त्याला कळलं की बाबा बोलले. तो तिथेच गवतात बसला आणि त्याला काही दिसेनासं झालं. चाळिशीचा बाप्या, मनगटाने डोळे पुसतोय आणि हसतोय. शिसं वर काढलं तसे बाबा पुन्हा गप्प झाले, पण घरी जाताना तो सारा रस्ता एकटाच बोलत होता.

दुसऱ्या दिवशी त्याची दुपारची पाळी होती. सकाळीच तो बाबांना घेऊन आला. तीन वाव दोरीवर बाबा मुके. एक वाव जोडली, तर एक शब्द. दुसरी जोडली, तर वाक्य. तिसरी जोडली तेव्हा बाबा म्हणाले, "टोपी घाल. ऊन लागलं की रात्री कोण डोकं दाबत बसणार? मी?"

"घालतो, बाबा!" त्याने हातरुमालच डोक्याला गुंडाळला. असं रागावणं त्याला साखरेसारखं लागलं.

एकच अडचण होती. दोरी पाण्यातून काढली की शब्दही संपत. म्हणून तिसऱ्या दिवशी त्याने दोरी काठीवरून सोडवून काठावरच्या झाडाच्या उघड्या मुळाला बांधली, सहा वाव जोडलेली, शिशासकट तशीच पाण्यात सोडलेली, आणि बाबांना रिकाम्या हाताने घरी नेलं. युक्ती लागू पडली. बाबा घरी आले ते बोलतच.

त्याच्या बायकोच्या हातून वाटी पडली. "बाबा!"

"पाड आणखी दोन," बाबा म्हणाले. "आणि भांडी अशी उताणी ठेवतात का गं? पाणी काय वाफ होऊन जाणार?"

ती हसली, रडली, वाटी उचलली, भांडी पालथी घातली. ताटं वाढून झाली. जेवताना बाबांनी भाताला नाव ठेवलं, पंख्याच्या आवाजाला ठेवलं, सुनेच्या केसांना ठेवलं आणि मग सगळ्यांत जास्त भात तिलाच वाढला. लिफ्टवाला ताटावर बसून नुसता ऐकत होता, पोट भरल्यासारखा.

भांडी घासताना बायको हळू आवाजात म्हणाली, "ऐक ना. हे बाबांचं बोलणं नाही."

"म्हणजे?"

"बाबा मला कधी एका शब्दाने टाकून बोललेत? 'बेटा, पाणी दे' म्हणायचे, तेही पाणी स्वतःच घेतल्यावर. भांडी पालथी घाल, हे मला आठ वर्षं कुणी सांगितलं? नाव ठेवून मग जास्त वाढायचं, हे कुणाचं?"

"आठ महिन्यांनी माणूस बोलला, आणि तुला खोट काढायचीय."

"खोट नाही काढत." तिने नळ बंद केला. "मला फार बरं वाटलं. आईच आल्यासारख्या वाटल्या. म्हणून तर भीती वाटली."

पन्नास वर्षं एकत्र राहिलेली माणसं एकमेकांसारखी बोलायला लागतात, असं तो म्हणाला. आणि ते खरंही आहे. पण रात्री त्याला झोप नीट लागली नाही.

चौथ्या दिवशी जोडलेल्या नऊ वाव झाल्या. दर वावेला गाठ, आणि दर गाठीला बाबा अधिक मोकळे. घरी आल्यावर त्यांनी दाराशी थांबून विचारलं, "हे बूट कुणाचे? मधेच पडलेत." बूट त्यांचेच होते. न्हाणीघराच्या आरशापुढे ते अचानक थबकले आणि अदबीने एका बाजूला झाले, समोरून येणाऱ्याला वाट द्यावी तसे. सुईत दोरा ओवला. ओवायच्या आधी दोरा ओठांनी ओला केला, आणि लिफ्टवाल्याच्या शर्टाचं तुटलेलं बटण लावून दिलं. बाबांना बटण लावता येत नव्हतं. आयुष्यात कधीच नव्हतं.

लिफ्टवाल्याने तो शर्ट रात्री खुर्चीच्या पाठीवर टाकला. मग उठून कपाटात ठेवला. मग कपाट लावून घेतलं.

हे सगळं कळत असून त्याने पाचव्या दिवशी आणखी दोन वाव का जोडल्या, असं कुणी विचारेल. विचारणाऱ्याची आई बहुधा जिवंत असेल. देवाने त्याची आई शंभर वर्षं ठेवावी.

अकरा वाव झाल्या आणि मावशीने त्याला पकडलं. मुळाला बांधलेली दोरी तिच्या गमबुटात अडकली होती.

"ही तुझी? पाच दिवस झाले, नुसती खोली मोजताय. लग्न जुळवताय की मासे धरताय?" मग तिने दोरी बोटाने उचलून पाहिली, गाठी पाहिल्या आणि तिचा स्वर बदलला. "किती सोडलीय?"

"अकरा जोडल्यात. मूळच्या तीन."

"चौदा वाव दोरी कमरेएवढ्या पाण्यात? सगळी तळाशी गुंता होऊन पडली असेल. बदकांच्या पायात जाते ही. थांब, मीच काढते."

ती पाण्यात शिरली. चार पावलांत पाणी कमरेला लागलं आणि तिथेच राहिलं. दोरी जिथे पाण्यात सरळ उतरली होती तिथे ती जाऊन उभी राहिली. सकाळचं स्वच्छ ऊन, पाणी हिरवं, वारा नाही. दोरी तिच्या मांडीला घासून खाली जात होती, ताठ, ओळंब्याच्या दोरीसारखी. मावशीने जाकिटाची बाही वर केली, वाकली आणि खांद्यापर्यंत हात पाण्यात घालून चाचपलं.

"गुंता नाही," ती म्हणाली. "हा माझा पाय, हा चिखल. दोरी..." ती थांबली. आणखी वाकली, हनुवटी पाण्याला टेकली. "दोरी चिखलातनं खाली गेलीय रे."

तिने दोरी मुठीत धरून वर ओढली असावी, कारण तिचा खांदा उचलला. आणि मग तो खांदा खाली गेला. थोडासाच. हिसका नव्हता, समोरच्याने हात हातात घेऊन जवळ ओढावं, तेवढंच. मावशीने दोरी सोडली. ती उलट्या पावलांनी काठाला आली आणि बादलीतल्या पाण्याने हात धुवायला बसली. धुतच राहिली.

"काय होतं?" लिफ्टवाल्याने विचारलं.

"तुझी दोरी, तू काढ," ती म्हणाली. "आज काढ. बाकी मला विचारू नको."

खुर्चीत बसलेले बाबा हसले. तोंडावर हात ठेवून.

दुपारी कामावर त्याचं लक्ष नव्हतं. तीन नंबरच्या इमारतीत लिफ्ट धक्के देत होती, म्हणून तो पेटीच्या छतावर उभा राहून, बटणं हातात धरून सावकाश खाली उतरत होता. चारी बाजूंनी भिंत, मध्ये तेलकट दोर. निम्म्या वाटेवर रोजच्यासारखं समोरून वजन आलं. प्रत्येक लिफ्टला असतं ते, लोखंडी पट्ट्यांचं उभं ओझं, दोराच्या दुसऱ्या टोकाला. पेटी खाली जाते तेव्हा ते वर येतं. ते वर येतं तेव्हा पेटी खाली गेलेलीच असते. हजार वेळा त्याने ते आपल्या नाकासमोरून वर जाताना पाहिलं होतं. हजार वेळा हातही लावला होता.

त्याने बटण सोडलं. पेटी मध्येच थांबली.

अकरा वाव आई वर आली. मग खाली कोण गेलं?

तो लिफ्ट तशीच बंद करून, पाटी लावून निघाला. घरी बायको दारातच भेटली.

"तुला फोन लावत होते. बाबा गेले मघाशी. म्हणाले, आता थोडंसंच राहिलंय, दोन वाव फार तर. रीळ घेऊन गेलेत."

"आणि तू जाऊ दिलंस?"

"मी आडवी आले. तर माझ्या गालावरून हात फिरवला आणि..." तिने आपल्याच गालाला हात लावला. "आईंचा हात कसा खरखरीत होता, आठवतो? बाबांचा कसा आहे, तोही आठवतो मला. तू पळ आधी."

तो पळाला. तळ्यावर भर दुपारचं ऊन होतं. मावशी पलीकडच्या काठाला उभी होती, इकडे पाठ करून. बाबा मुळापाशी मांडी घालून बसले होते आणि रिळावरची दोरी हात पसरून मोजत होते.

"आलास? बरं झालं. तुझी गाठ पक्की बसते, माझ्या बोटांत आता जोर नाही."

तो शेजारी बसला. बाबांच्या हातातून रीळ काढून घेतलं आणि पाठीमागे ठेवलं. आजवर ज्या तोंडाकडे पाहून तो अहो-जाहो करत आला होता, त्या तोंडाकडे पाहून तो म्हणाला, "आई, बाबा कुठे आहेत?"

"असतील इथेच कुठेतरी. सांगून जातात होय कधी?"

"आई."

"खाली आहेत. शांत आहे म्हणाले तिथे, बसू दे घटकाभर. चौतीस वर्षं भोंग्यासमोर काढली माणसाने, बसू दे की. तुझं काय अडतंय त्यांच्यावाचून? तसेही बोलत नव्हते."

हे त्याला लागलं, कारण ते खरं होतं. आठ महिने त्याने बाबांच्या बोलण्याची वाट पाहिली होती. बाबांची नाही. बोललं कोण, हे न पाहता तो गाठी मारत गेला होता.

त्याने मुळाची गाठ सोडली आणि दोरी ओढायला घेतली.

"हे काय?" बाबा म्हणाले. आई म्हणाली. "अरे, आत्ता तर आले. दोन मिनिटं बसले की पोटात दुखायला लागतं का तुझ्या?"

त्याने ओढली. दोरी जड होती पण अडकत नव्हती. पहिली गाठ बोटाला लागली.

"बटण लावून दिलं ना मी? तुझ्या बायकोला दहा वेळा सांगितलंस तरी लावलं नसतं तिने. गुणी आहे पण. तिला सांग, गुणी आहे. मी कधी सांगितलं नाही."

"सांगतो." दुसरी गाठ, तिसरी. दोरी गवतात ओली पडत होती.

"हात कापेल. रुमाल धर हाताला."

पाचवी गाठ आली. वाक्यं आखूड व्हायला लागली होती. आई घाबरलेली नव्हती, रागावलेलीही नव्हती. फक्त घाई झाल्यासारखी, दारात उभी राहून निरोप घेताना होते तशी. सातव्या गाठीला ती म्हणाली, "कपाटात वरच्या खणात..." आणि वरच्या खणात काय, ते तिला सांगता आलं नाही. नवव्या गाठीला नुसतं, "बाळा." त्याचे हात थांबले. किती वेळ थांबले कुणास ठाऊक. पाण्यात चार पावलांवर दोरी सरळ उभी होती आणि तिच्याभोवती एक तरंग नव्हता.

देवा, मला बळ दे, असं तो मोठ्याने म्हणाला, आणि ओढली.

दहा. "सरक..." अकरा.

बाबांचं तोंड मिटलं. चेहरा सैल झाला, मान खाली गेली, हात मांडीवर उलटे पडले. तेच आठ महिन्यांचे मुके बाबा. त्याने एका हाताने त्यांचा खांदा धरला आणि दुसऱ्या हाताने उरलेल्या तीन वाव ओढल्या, शिसं बाहेर काढायला.

तीन वाव आल्या. शिसं आलं नाही. दोरी येतच राहिली.

चौथी वाव आली तिच्यावर गाठ होती. पाचवीवर होती. त्याने ती उजेडात धरून पाहिली. त्याची गाठ नव्हती ती. तो उजव्या अंगाने फास घ्यायचा, हिचा फास डावीकडून होता, बारीक, नेटका, दाताने ओढून घट्ट केलेला. दोरीही त्याच्या रिळाची नव्हती. खालून कुणीतरी आपली दोरी जोडत आलं होतं. तो वरून एक वाव द्यायचा, खालून एक वाव यायची. आणि आता तो ओढत होता ते दुसऱ्याच्या हातातलं टोक होतं, आणि त्या हाताला ओढलं जायला काहीच हरकत नव्हती. दोरी हलकी झाली होती. जवळ जवळ स्वतःहून येत होती.

सहावी. सातवी. चार पावलांवरचं हिरवं पाणी आतून गढूळ झालं.

थांबायला हवं, हे त्याला कळत होतं. कंबरपट्ट्याला पक्कड होती, एक चिमटा आणि दोरी तुटली असती. त्याने पक्कड काढलीही. पण ती हातात घेऊन तो बसून राहिला आणि दुसरा हात ओढतच होता, कारण ती आई होती, आणि आणखी दोन-तीनच वाव राहिल्या असतील.

"दे."

आवाज इतका खरखरीत होता की तो कुणाचा हे त्याला आधी कळलंच नाही. चार-पाच दिवस बोलणाऱ्याच्या गळ्यातून असा आवाज येत नाही. आठ महिने बंद खोलीचं दार जसं उघडतं, तसा तो आला.

"दे इकडे," बाबा म्हणाले. "तुझ्याने नाही व्हायचं. ते माझं आहे."

त्यांनी मुलाच्या मुठीतून पक्कड सोडवून घेतली. दोरी बोटांवर घेतली, तिच्यावरची ती बारीक गाठ अंगठ्याने चाचपली, एकदा, पुन्हा एकदा. ओठ हलले, पण जे काही बोलले ते वरच्या माणसांसाठी नव्हतं. मग त्यांनी दोरी कापली.

टोक पाण्यात पडलं नाही. ते गवतावरून सावकाश मागे निघालं, काठावरून उतरलं, पाण्यावर एक रेघ ओढत गेलं. थोडं जायचं, थांबायचं, थोडं जायचं. कुणी हातांनी वाव वाव करून दोरी आवरून घेत होतं. बाबा ते शेवटपर्यंत पाहत राहिले. पाणी निवळल्यावर त्यांनी पक्कड मुलाच्या कंबरपट्ट्यात होती तिथे लावून दिली.

"बाबा," लिफ्टवाला म्हणाला. "मी तुम्हाला... मला वाटलं, तुम्ही बोलताय."

"माहीत आहे."

"तिथे खाली काय..."

बाबांनी उठायला हात पुढे केला. वाटेत त्यांना दोनदा थांबावं लागलं, आणि दुसऱ्यांदा थांबले तेव्हा म्हणाले, "हळू चाल. पाय ओले आहेत माझे."

पाचही दिवस तळ्यावर बाबा काठावरच्या कोरड्या गवताबाहेर गेले नव्हते. घरी आल्यावर त्यांनी खुर्चीत बसून बूट काढले. सुनेने ते उचलले आणि तशीच उभी राहिली. बुटांत काळा, गार चिखल होता, काठोकाठ. पायमोजे घोट्याच्या वर दोन बोटं भिजलेले. तिने घमेलं आणलं, गरम पाणी ओतलं, आणि बाबांचे पाय त्यात ठेवून आपल्या हातांनी धुवायला बसली.

"बेटा," बाबा त्या गंजलेल्या आवाजात म्हणाले, "राहू दे, मी धुतो," आणि धुणं तिच्यावरच सोडून त्यांनी डोळे मिटले.

लिफ्टवाला त्यांच्यासमोर जमिनीवर बसला होता. बऱ्याच वेळाने बाबांनी डोळे उघडून त्याच्याकडे पाहिलं.

"तळ आहे तिथे," ते म्हणाले. "नुकताच पायाला लागला होता."